गुलाबी कागदावरचा दाखला

हॉल तिकिटाचा कागद गुलाबी असायचा. वर कॉलेजचं नाव आधीच छापलेलं, खाली सहीची जागा. तो कागद प्रिंटरच्या खणात असताना दुसऱ्या कुणाचं पत्र सुटलं तर तेही गुलाबी कागदावर उमटायचं आणि कागद फुकट जायचा. म्हणून हॉल तिकिटांच्या आधी रांगेतली बाकीची कामं थांबवून ठेवायची. तिकिटं संपली की पांढरा कागद भरायचा आणि मग एकेक काम सोडायचं. कणकवलीतल्या त्या कॉलेजात दोन वर्षं हे मी केलं. मी रोजंदारीवर होते, परीक्षा विभागात झाडलोट करायला आणि कागद भरायला.

बाकीचं मला शिकवलं तिथल्या क्लार्क बाईनं. वयानं माझ्याहून बरीच लहान. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणायचे, दोघीच असलो की बाय. ती मला काकी म्हणायची. सगळ्या कॉलेजातून प्रिंटरला कामं यायची आणि त्यांची रांग एका काळ्या पडद्यावर बघायची. तिथे चित्रं नाहीत, माउस चालत नाही, अक्षरं टाइप करून हुकूम द्यायचा. मी चौथी शिकलेली, आमच्या वेळी चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतंच.

"भिया नको गो काकी," ती म्हणाली. "ता चावणा नाय."

तिनं एका वहीत मोठ्या अक्षरांत चार हुकूम लिहून दिले. रांग दाखव, काम थांबव, काम सोड, काम रद्द कर. घरी मी ते रोज गिरवायचे. महिन्याभरात हात बसला. पुढे वर्गवार हॉल तिकिटांच्या बॅचही मीच पाठवू लागले. रांग मागितली की प्रत्येक ओळीत कामाचा नंबर आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसायचं. माझ्या बॅचपुढे तिचं नाव असायचं, कारण मी तिच्या नावानं, तिच्याच पासवर्डनं, मशीनवर बसायचे.

एकदा धीर करून विचारलं, "माका वेगळा नाव गावतला काय?"

"कित्याक व्हया? माझ्याच नावान बस. आपणा दोघींत काय वेगळा आसा?"

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की घरी जाऊन नवऱ्याला आणि मुलाला सांगितलं.

आमचे म्हातारे शिपाई दारात उभे राहून चिडवायचे. "काकी आता मशीन चालवता. उद्या प्राचार्यांका सांगतली, सायबानू, रांगेत उभे रवा."

ते त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा भरायची होती. शिक्षण चौथी पास चालणार होतं, पण परीक्षा विभागातल्या छपाईच्या अनुभवाचा दाखला हवा होता. रोजंदारीच्या माणसांना दर मे महिन्यात घरी बसवतात आणि जूनमध्ये बोलावतील की नाही ते कुणी सांगत नाही. ती जागा मिळाली तर ही धाकधूक संपणार होती. बाय स्वतःच म्हणाली, "ती जागा तुझीच. दाखलो मी लिवन देतंय." नवऱ्यानं त्याच दिवशी पेटीतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवला.

मार्चमध्ये हॉल तिकिटं चालू होती. दोन वर्गांची झाली होती, तिसऱ्याची सुटत होती. बाकीची सहा कामं मी थांबवली होती. अकरा वाजता बाय म्हणाली, "काकी, खाली जावन चाय घेवन ये." ती चार वाजल्याशिवाय चहा पीत नसे. तरी मी गेले.

परत आले तेव्हा तिसरा वर्ग छापून झाला होता. गठ्ठा उचलला आणि क्रमानं लावू लागले. दोन तिकिटांच्या मध्ये एक गुलाबी पान निघालं, त्यावर दाट मराठी मजकूर होता. सदर महिला गेली दोन वर्षे छपाईची रांग सांभाळत आहेत. कामे थांबवणे, सोडणे, वर्गवार बॅच पाठवणे त्यांना उत्तम येते. कागद वाया जाऊ देत नाहीत. वर नाव होतं बायच्या भावाच्या बायकोचं. ती त्या खोलीत एकदाच आली होती, बायचा डबा द्यायला.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, नाव चुकून पडलं असेल.

मग कळलं. ते पान माझ्या हातातून जाऊ नये म्हणून तिनं मला खाली पाठवलं आणि ते स्वतः सोडलं. पण खणातला कागद कायम मीच बदलत आले होते, तो बदलायचा असतो हे तिच्या लक्षातच आलं नाही.

ती प्रिंटरपाशी शोधत होती. "माझा एक पान इला काय गो?"

"इला. गुलाबी कागदार."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. "वाचलंस?"

"तेवढा वाचूक येता माका."

तिनं दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "तिची पोरां ल्हान आसत, काकी. तुजो झील कमावता. आणि तुझा काम खंय जाता? ता तुझाच." पान तिनं माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. "परत पाठवतंय. तेवढो पांढरो कागद भर."

दोन वर्षांत मी तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. "तूच भर, बाय," मी म्हटलं.

तिनं खण ओढला. तो अडकतो. तिनं दोनदा हिसका दिला, नख दुखावलं. दारातून शिपाई म्हणाले, "मॅडम, आधी वायच वर उचला. काकी तसाच करता." तिनं उचलला आणि खण सुटला. खिडकीबाहेर पोरं हॉल तिकिटासाठी उभी होती, म्हणून मी गठ्ठा लावत बसले. पाठीमागे तिचं पान बाहेर आल्याचा आवाज आला.

एक दिवस मी प्राचार्यांच्या दारापर्यंत गेले. आतून विचारलं, "काय काम आहे?" काय सांगणार होते मी? मशीनमध्ये दोन वर्षांचं एकही काम माझ्या नावावर नव्हतं. "काही नाही सर," म्हटलं आणि परत फिरले.

जूनमध्ये मला बोलावलं, रोजंदारीवर. शिपायांच्या जागी नवीन बाई आली होती, बायची भावजय. काकी शिकवतील, असं तिला सांगितलं होतं. बाई वाईट नाही. ती खुर्चीवर बसली, मी मागे उभी राहिले. हुकूम तोंडानं सांगितले, वही पिशवीतून काढली नाही. तिनं एक पत्र पाठवलं आणि रांग मागितली. एकच ओळ आली.

"काकी, ह्या बघ," ती हसून म्हणाली. "माझा नाव इला."

मी बघितलं. नाव असं दिसतं तर. तिला बहुतेक वाटलं की मला वाचायला वेळ लागतोय, म्हणून तिनं ते बोट ठेवून वाचून दाखवलं.

"आता कागद भर," मी म्हटलं. "खण आधी वायच वर उचल."