विहीणबाईंचा पंखा

चिपळूणहून सकाळची कराड एसटी धरली तेव्हा आमच्या ह्यांनी एकच सूचना केली : "विहिणीकडे चालली आहेस. जरा कमी बोल." ही सूचना मी कुंभार्ली घाट चढून होईपर्यंत पाळली, कारण शेजारच्या बाईंना गाडी लागत होती आणि त्यांना बोलणं नको होतं.

घाटात येताना पोफळीचं वीजघर मागे पडलं. कोयनेचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून खाली येतं, वीज करतं आणि आमच्या वाशिष्ठीत येऊन पडतं. पाणी साताऱ्याचं, घाट उतरून आयतं आमच्याकडे. वीज मात्र तारांवरून पुन्हा घाट चढते. आम्ही विहिरीचे लोक. परसातला रहाट गेला आणि पंप आला, एवढाच आमच्या घरातला पाण्याचा इतिहास. नळावरून माणसं अबोला धरतात हे ऐकून होते, पाहिलं नव्हतं.

पाटणच्या आसपास पठारावर पवनचक्क्या दिसू लागल्या. चैत्राच्या उन्हात बहुतेक निवांत उभ्या होत्या. मी बघतेय हे पाहून कंडक्टर म्हणाला, "आत्ता वाऱ्याला जोर न्हाई. आषाढात या, मग बघा कशा गरागरा फिरत्यात."

"आषाढात आमचा घाट बंद पडतो."

"मग हितंच ऱ्हावा की, मावशी!"

कराडला अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. मसूर इतका जाळ होता की पाणी पिण्याच्या नादात तासगावची गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. दुसरी मिळाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधूनमधून हिरव्या जाळीच्या शेड आणि त्यांत रॅकवर वाळत घातलेला बेदाणा. खिडकीतून गोड वास येत होता.

विहीणबाईंचं शहर तासगावच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही, कारण मला त्या गल्लीत पुन्हा जायचं आहे. माझी लेक आणि जावई पुण्याला असतात. इथे विहीणबाई आणि व्याही दोघंच. व्याही फौजेतून निवृत्त झालेले. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा उन्हाळ्यात लाईट गेली तरी पंखा बंद पडू नये म्हणून जावयाने घरावर सोलर बसवून दिलं आणि जिन्याखाली बॅटरी ठेवली.

मी चहाचा कप तोंडाला लावला आणि गल्लीतली लाईट गेली. मी सवयीने "अरे देवा" म्हणणार, तोच बाहेर जल्लोष झाला.

"लाईट गेली! लाईट गेली! भरा गं!"

दाराबाहेर घागरी, कळश्या, बादल्या धावत सुटल्या. व्याह्यांनी मला उलगडून सांगितलं. इथे पाणी दोन दिवसांआड येतं. लोक नळाला मोटर लावून पाणी ओढतात आणि शेवटच्या घराला काहीच उरत नाही. म्हणून पाणी सोडलं की त्या गल्लीची लाईटच घालवतात. म्हणजे मोटर कोणाचीच चालत नाही आणि सगळे सारखे. मला ही युक्ती फार आवडली.

फक्त आमच्या डोक्यावरचा पंखा भरभर फिरत होता.

घागर घेऊन जाणारी प्रत्येक बाई खिडकीतून त्या पंख्याकडे बघत होती. एक तर मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "फॅन फिरतोय म्हंजी मोटर बी फिरत असणार!" गल्लीच्या टोकाला, शेवटच्या नळावर आक्काताई म्हणून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "लग्न होऊन आले तवा ह्या आक्कांनी मला भाकरी थापाया शिकीवलं," त्या म्हणाल्या. "सोलर बसल्यापासनं माझ्याशी बोलत न्हाईत."

"तुम्ही मोटर लावता का?" मी विचारलं. कमी बोलण्याची सूचना घाटातच राहिली होती.

"न्हाई वो, विहीणबाई! माझी मोटर टाकीतलं पाणी वर चढवायला हाय. नळाला कवाच लावली न्हाई."

"मग सांगून टाका ना गल्लीला."

"दारोदार फिरून सांगू व्हय, मी चोर न्हाई म्हणून? फॅन बंद करावा तर ह्यांची तब्येत अशी."

रात्री शाळूची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) असं जेवण होतं. विहीणबाईंनी मला आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः मात्र अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या. व्याही बराच वेळ त्या भाकरीकडे बघत बसले. मग म्हणाले, "राजस्थानात रेतीत ड्युटी केलीया मी. तासभर फॅन न्हाई म्हणून मरत न्हाई. पाण्याच्या दिवशी मेन बंद करायचा. ऑर्डर हाय ही!"

पुढच्या पाण्याच्या दिवशी भर दुपारीच लाईट गेली, जल्लोष झाला आणि विहीणबाईंनी जिन्याखालचा आपल्या घराचा मेन खाली ओढला. पंखा थांबला. आम्ही दोघींनी व्याह्यांची खुर्ची उचलून बाहेर कडुलिंबाखाली ठेवली. एवढ्यावर विहीणबाईंचं समाधान झालं नाही. पान्हा घेऊन त्यांनी मोटर सोडवली, दोन्ही हातांनी कशीबशी बाहेर आणली आणि ओट्यावर चक्क पाट मांडून त्यावर ठेवली.

"नारळ तेवढा फोडायचा राहिला," व्याही म्हणाले.

कोणी हसलं नाही. सगळ्या बाया आक्काताईंच्या नळाकडे बघत होत्या. मीही देवाला हात जोडले होते. मोठी धार यावी की येऊ नये, काय मागावं तेच कळेना. धार मोठी आली असती तर विहीणबाई कायमच्या चोर ठरल्या असत्या.

नळ खाकरला. करंगळीएवढीच धार पडू लागली.

टोकापर्यंत पाणी पोचता पोचता दम खात होतं, त्यात कोणाचाच हात नव्हता. मागच्या खेपेला मोठ्याने बोललेल्या बाईने आपली भरलेली घागर उचलली आणि आक्काताईंच्या बॅरलमध्ये ओतली. पाठोपाठ दुसरीने ओतली. विहीणबाईंकडे बघायला मात्र कोणी तयार नव्हतं.

पाणी थांबलं तेव्हा व्याह्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आक्काताई काठी टेकत टेकत आल्या, आमच्या दारात क्षणभर थांबल्या आणि न विचारता आत गेल्या. जिन्याखाली खट्कन आवाज झाला. आतला पंखा फिरू लागला.

"आत आण त्यास्नी," त्या विहीणबाईंना म्हणाल्या. "घामानं भिजलाय माणूस. लय शानी झालीस व्हय गं तू?"

विहीणबाई डोळ्यांना पदर लावून रडल्या. मग पदर खोचला, मोटर पुन्हा जागेवर बसवली आणि त्यांच्या द्राक्षबागेसाठी घरात ठेवलेला लांब पाइप आक्काताईंच्या दारापर्यंत नेला. गल्लीची लाईट अजून यायची होती. डोक्यावरच्या उन्हावर मोटर चालली आणि आमच्या टाकीतलं पाणी आक्काताईंच्या बॅरलमध्ये काठोकाठ भरलं.

निघताना पिशवीभर बेदाणे मिळाले. घाट उतरताना खाली वाशिष्ठी दिसली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे दुसऱ्याचं पाणी म्हणून बघितलं. घरी आले, बटण दाबलं, पंप सुरू झाला. विहिरीत पाणी आहे, आम्हाला कोणाकडे घागर न्यावी लागत नाही. पण आमचा पंखा थांबला तर काठी टेकत आत येणारं कोणी शेजारी आहे का, हे मला आठवून बघावं लागलं. खोटं कशाला बोलू, मला त्या गल्लीचा हेवा वाटला.

परवा तिथल्या पाण्याच्या वेळी मुद्दाम फोन केला. मागे घागरींचा गलका चालला होता.

"अजून मेन बंद करता का?" मी विचारलं.

"दर खेपेला करते," विहीणबाई म्हणाल्या. "पाणी आलं की मी बंद करते, आणि आक्का येऊन चालू करत्यात."

पलीकडून काठीचा ठक् ठक् आवाज जवळ आला, पाठोपाठ खट्कन मेन वर गेला.