बन्सी पेंटरांचा मखमली पडदा

बन्सी पेंटर जिवंत माणसाचं चित्र काढत नसत. दुकानांच्या पाट्या रंगवत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव घालून खाली दोन मोर काढून देत, शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशाही काढत; पण माणूस काढायचा तर तो मेलेलाच पाहिजे. एकदा एक नवा सरपंच स्वतःचं मोठं चित्र काढून घ्यायला आला. पेंटरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. नंतर मला म्हणाले, "जिता माणूस लय शिकवतो, सर. नाक बारीक करा, मिशी दाट करा. मयत माणूस गप बसतो. त्याच्यासंगं काम करायला बरं वाटतं."

ताडकळसला बसस्टँडच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मी पालमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि परभणीला राहतो. ताडकळसला गाडी बदलावी लागे, आणि पुढची गाडी कधीच वेळेवर नसे. त्यामुळे बारा वर्षं मी त्या दुकानात बसलो. पेंटर खाली मांडी घालून, चित्र भिंतीला टेकवून काम करत. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे सुतळी बांधलेली. ती कानामागून घेऊन ते पोथीला बसल्याच्या गांभीर्यानं बसत आणि तास-तास बोलत नसत.

बाजाराच्या दिवशी लोक मयताचा फोटो घेऊन यायचे. फोटो कसला, मतदान कार्ड नाहीतर आधार कार्ड. "आधार कार्डावर जिता माणूस बी मयतच दिसतो," पेंटर म्हणायचे. त्या नखाएवढ्या तोंडावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी हार्डबोर्डावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं, अशी त्यांची रीत. पण त्याआधी ते घरच्यांना समोर बसवून विचारत, "काय राहिलं व्हतं त्यांचं?" लोक आधी बुचकळ्यात पडत, मग सांगत. म्हातारीची नथ सुनेच्या बाळंतपणात मोडली ती परत झालीच नाही. बापाला कोट शिवायचा होता. पेंटर मान हलवत आणि चित्रात नथ येई, कोट येई. फ्लेक्सवाल्यांच्या काळातही लोक त्यांच्याकडे येत ते यासाठी.

या प्रत्येकाच्या वेगळ्या गोष्टी. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी मिळे. मेंढरं राखणारा असो की सालगडी, पाटील असो की भाजी विकणारी, पेंटर त्याला कोरीव पाठीच्या खुर्चीवर बसवत. मागं लाल मखमली पडदा, त्याला सोनेरी गोंडे, आणि पडद्याआडून डोकावणारा एक गोल खांब. हा पडदा त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिला होता. उस्ताद परभणीत फोटो काढायचे. त्यांच्या स्टुडिओत हैदराबादेहून आणलेला रंगवलेला पडदा होता, खुर्ची होती. पोरसवदा बन्सी एका हमालाचं चित्र उभंच काढायला लागला, तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "बिठा दे रे बेटा. जिंदगीभर खडाच रहा उने." हे सांगताना पेंटर दर वेळी डोळे पुसत, आणि दर वेळी बोटाचा रंग गालाला लागे.

आता माझं सांगतो. माझी बढती अडली होती. फायलीत सगळं होतं, फक्त मी स्वतः भरवलेलं एखादं शिबिर नव्हतं. म्हणून मी पाच दिवसांचं निवासी अभ्यासशिबिर काढलं: व्हिक्टोरियन कला आणि तिचा आपल्याकडचा प्रभाव. पालममध्ये हा विषय कुणाच्या उपयोगाचा, असं प्राचार्यांनी विचारलं, आणि ते बरोबरच होतं. पण पुण्याच्या एक अभ्यासू मॅडम यायला तयार झाल्या, दिवाळीच्या सुटीत वसतिगृह रिकामं होतं, आणि इतर कॉलेजांतल्या प्राध्यापकांनाही प्रमाणपत्रं हवीच होती. एक जागा 'स्थानिक कलाकार' म्हणून भरायची होती. मी बन्सी पेंटरांना विचारलं.

त्यांचा आनंद आज आठवला की वाईट वाटतं. तेव्हा मजा वाटली होती. वसतिगृहात कॉट-गाद्या आहेत असं सांगूनही ते वळकटी घेऊन आले. नवी दोनशे पानी वही आणली होती. तिच्यात ते प्रत्येक व्याख्यानाचं नाव पाटीसारखं रंगवून, अक्षरांना सावली देऊन लिहायचे आणि तोवर अर्धं व्याख्यान संपलेलं असायचं. मॅडम सुरेख शिकवायच्या. राणीच्या काळातली इंग्रजांची चित्रं, त्यांचं फर्निचर, फोटोचे स्टुडिओ, आणि मग हे सगळं बोटीतून इकडे येऊन आपल्या नाटकाच्या पडद्यांत, देवांच्या कॅलेंडरांत, शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षांत कसं मुरलं ते. एका चित्रात झाडाचं पान न् पान रंगवलेलं होतं. पेंटर कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या मानसाला घाई न्हवती."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी लंडनच्या एका स्टुडिओतला जुना फोटो दाखवला. जाडजूड साहेब, कोरीव खुर्ची, मागं पडदा, गोंडे, खांब. पेंटरांनी माझा दंड धरला. हरखून गेले होते. "सर, बगा बगा. विलायतेत बी आपलाच पडदा हाय." संध्याकाळी मी मॅडमना चहाबरोबर हा किस्सा सांगितला, आणि माझ्या मोबाईलमध्ये पेंटरांच्या चित्रांचे फोटो होते ते पाठवून दिले. पेंटरांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टरच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली. डावीकडे तो साहेब, उजवीकडे धोंडिबा. धोंडिबा पालमजवळचा मेंढपाळ, गेला तेव्हा ऐंशीच्या पुढचा. तो त्याच खुर्चीत, त्याच पडद्यापुढे बसलेला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि पायांत काळे चकचकीत बूट. मॅडम म्हणाल्या, आता जरा पायांकडे बघा. त्यांचा आवाज साधा होता, कुचेष्टेचा नव्हता. पण हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले.

ते आधी हसणारं कुणीतरी म्हणजे मी. आयुष्यभर बूट नसलेल्या म्हाताऱ्याचं काय राहिलं होतं हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, एक पेंटर आणि दुसरा मी. धोंडिबाची बायको ते सांगत होती तेव्हा मी त्याच दुकानात चहा पीत बसलो होतो. तरी हसलो. पुण्याच्या मॅडमपुढे आपण ताडकळसच्या बाजूचे नाही, त्यांच्या बाजूचे आहोत, एवढंच मला दाखवायचं होतं. याला दुसरं काही नाव देता येत नाही. लाचारी म्हणतात याला.

मागच्या बाकावरून पेंटर उठले. हात वर करून उभे राहिले, शाळेतल्यासारखे.

"मॅडम," ते म्हणाले, "मंग ह्यो पडदा माझा न्हाई का?"

मॅडम थोड्या गोंधळल्या. मग त्यांनी फार समजुतीनं सांगितलं, "नाही काका. तो तुमचा नाही. तो त्यांचा आहे, आपण उचललेला."

पेंटर बसले आणि त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. उठून निघून गेले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते पाचही दिवस राहिले. पंगतीत जेवले, वाढायला उठले, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घ्यायला नवा सदरा घालून आले. प्रमाणपत्राच्या कडेनं छापील वेलबुट्टी होती. ती त्यांनी बोटानं चाचपली आणि मॅडमना विचारलं, ही बी तिकडचीच का? मॅडम हो म्हणाल्या. पेंटरांनी प्रमाणपत्र नीट गुंडाळून वळकटीत घातलं.

त्यानंतर मी दोन-तीन महिने ताडकळसला उतरलो नाही. परभणीहून पालमला थेट जाणारी एक गाडी आहे. ती सकाळी फार लवकर असते, तरी मी तीच धरायला लागलो. मग एके दिवशी वर्गातली एक मुलगी सहज म्हणाली, "सर, तुमच्या शिबिरातले ते पेंटर आमच्या घरी आले होते. आजीच्या फोटोचा पडदा पुसून गेले."

मी तिच्या गावी गेलो. तिच्या आईनं आतून चित्र आणून दाखवलं. मागचा पडदा नव्हता, खांब नव्हता, खुर्चीही नव्हती. सगळ्यावर भिंतीला देतात तसला राखी रंग सपाट फिरवलेला. म्हातारीला मात्र धक्का लावलेला नव्हता. नाकात नथ तशीच, हात मांडीवर तसेच, गुडघे वाकलेले, आणि बुडाखाली काही नाही. आई सांगत होती, पेंटर सकाळच्या गाडीनं आले, डबे घेऊन. चूक राहून गेली होती, दुरुस्त करून देतो म्हणाले, आणि चहासुद्धा घेतला नाही. त्यांनीच काढलेलं चित्र, त्यांनाच नाही कसं म्हणायचं? "आता मामंजी रोज इचारतात," ती म्हणाली, "तिला अधांतरी कामून ठिवलंय म्हून. मी तोंड भिताडाकडं करून ठिवलंय."

धोंडिबाच्या घरीही ते जाऊन आले होते. तिथे बूटही पुसले होते. पावलं काढायला बहुधा हात धजला नसावा, कारण धोंडिबाचे पाय घोट्यांपाशीच संपले होते. त्याची बायको बाहेर आली नाही. मला बघून मुलगा एवढंच म्हणाला की तुमच्या शाळेत काय शिकवता हो तुमी.

बन्सी पेंटर गेल्या उन्हाळ्यात गेले. तापाचं निमित्त झालं, तीन दिवस अंगावर काढला आणि चौथ्या दिवशी नांदेडला नेता नेता संपले. त्यांच्या बायकोनं मला ती दोनशे पानी वही दिली, तुमच्या शिबिरातली आहे म्हणून. सुरुवातीच्या निम्म्या भागात मॅडमची व्याख्यानं आहेत, सावली दिलेल्या अक्षरांत. उरलेल्या पानांवर गावांची नावं आणि त्यांपुढे माणसांची, सगळी मयत. पुसून झालेल्यांपुढे बरोबरची खूण. शिबिराचा अहवाल मी केव्हाच पाठवला होता. त्यात 'स्थानिक कलाकारांवर झालेला परिणाम' असा एक रकाना होता आणि मी तो भरला होता. बढतीही झाली.

त्यांना शेवटचं भेटलो ते होळीच्या आसपास, धोंडिबाच्या घरून परतताना. धीर करून दुकानात शिरलो. ते राखी रंग कालवत होते, डबा भरून. मी उभ्या उभ्या बोलत सुटलो. म्हणालो, बन्सीभाऊ, हे थांबवा. इंग्रजांनी तरी तो पडदा कुठून आणला, इटलीकडून, तुर्कांकडून. सगळे सगळ्यांचं उचलतात. धोंडिबाच्या पायांत बूट घालणारा जगात तुमच्याशिवाय कुणी नव्हता, म्हणजे ते चित्र तुमचंच. मी छान बोलत होतो. व्याख्यान द्यायची सवय आहे मला.

ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हे त्या दिशी का बोलला न्हाईत, सर?"

मी मॅडमवर घसरलो. त्या शहरी, त्यांना आपल्याकडचं काय कळतं, चार दिवसांच्या पाहुण्या बाईचं इतकं मनावर कशाला घेता.

पेंटरांनी कालवायची काडी डब्याच्या काठावर निथळायला ठेवली.

"मॅडमचं मी कुठं मनावर घेतलं? त्या आल्या, बोलल्या, गेल्या. त्या बोलायल्या तवा मी तुमच्याकडं बघत व्हतो. बारा वर्सं तुमी हितं बसून हीच चित्रं बघितली. म्हनलं, सर काय म्हनतात बघू." त्यांनी काडी परत डब्यात घातली. "तुमी हसलात. मंग मला वाटलं, खरंच आसंल."

बाहेर पालमहून आलेली परभणीची गाडी लागत होती. गाडी चुकेल म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून मला स्टँडपर्यंत सोडायला आले. खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुटेपर्यंत खाली उभे होते.