नवं कार्ड अन् गंगूमावशीचा अंगठा

मित्रांनो, डोकं चालंना झालंय. बोरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. सकाळी कॉम्प्युटरमधी नवं कार्ड बसवलं, मागं चार फास्ट यूएसबी पोर्ट आले. पेनड्राइव्ह लय जोरात चालायलाय.

अंगठ्याचं मशीनबी तिथंच लावलं. लाइट लागायची, पण अंगठा घेईना. तिघांना म्हणलं, "काम करून अंगठा घासलाय तुमचा," अन् परत पाठवलं.

चौथ्या आल्या शेरडं राखणाऱ्या गंगूमावशी. त्या हटल्याच न्हाईत. म्हणल्या, "तुझा लावून बघ की!"

माझाबी घेईना. मी तर दिवसभर माउसच हलवतो!

मशीन जुन्या पोर्टला लावलं, तर मावशीचा पहिल्या झटक्यात घेतला.

फास्ट पोर्टला का चालंना, कुणी सांगंल का? अन् त्या तिघांना आता काय सांगू? घरी आपलाच अंगठा बघत बसले असतील.