साळूबाईनं दारात घेतलेली हजेरी

शहागंजातल्या त्या कम्युनिटी कॉलेजात साळूबाई शिपाई होती. पोरगी तीन दिवस आली नाही, की मस्टर काखेत मारून तिच्या दारात जायचं आणि नाव पुकारायचं, हे तिचं काम. पोरीनं स्वतः ‘हजर’ म्हटलं तर नाव राहायचं. नाहीतर प्राचार्य मोहियोद्दीन सर लाल काट मारायचे. साळूबाईचं स्वतःचं नाव चौथीत काटलं गेलं होतं. तेव्हा तिच्या दारात कुणी आलं नव्हतं.

त्या एप्रिलात रुग्णसेवेच्या वर्गातली द्वारका तीन दिवस गायब होती. चौथ्या दिवशी बारा वाजता तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा.

‘जाने दो, साळूबाई,’ सर वार्षिक अहवाल लिहीत म्हणाले. ‘अकरा जणी पास होतायत. तिचा नवरा हात उचलतो.’

‘माहितंय. म्हणूनच चालले.’

हर्सूलला द्वारकाच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. पुढं नवरा, बन्सी. हातात सायकलची चेन.

‘मेली ती. लिव्ह तुझ्या वहीत.’

‘तिला बोलू दे, बाबा.’ साळूबाईनं मस्टर उघडलं. ‘द्वारका बन्सी...’

चेन तोंडावर बसली. ओठ फाटला, दात पानावर पडला.

‘आता घे नाव.’

ती रक्त थुंकली. ‘द्वारका बन्सी...’

दुसरा फटका डाव्या हातावर. दोन बोटं मोडली. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

आतून दारावर थाप पडली. मग घोगरा आवाज, ‘हजर, मावशी. हजर.’

‘ऐकलं का, बन्सी?’

साळूबाईनं धुण्यापाशी पडलेला धोंडा उचलला. चेन परत उगारली गेली, पण धोंडा आधी बन्सीच्या गुडघ्यावर बसला. तो कोसळला. तीन घावांत कोयंडा निखळला.

द्वारकाचा एक डोळा सुजून मिटला होता. बन्सीनं पडल्या पडल्या तिचा पाय धरला. तिनं दुसऱ्या पायाची टाच त्याच्या बोटांवर रोवली आणि त्याला ओलांडून आली.

रिक्षावाला म्हणाला, ‘घाटी दवाखान्यात नेऊ?’

‘आधी शहागंज.’

बारा वाजून गेले होते. परीक्षक बाई सामान आवरत होत्या. ‘बँडेज बांधायचं होतं. पेशंट म्हणून बसणाऱ्या पोरी तर गेल्या.’

साळूबाई स्टुलावर बसली. मोडका हात पुढं केला. ‘ही घ्या पेशंट.’

‘लई दुखंल, मावशी,’ द्वारका म्हणाली.

‘दुखू दे. नीट बांध, मार्क हायेत त्याला.’

सरांनी मस्टर उघडलं. रक्तात नाव दिसेना. त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं आणि निळ्यानं ते पुन्हा लिहिलं.