आईनं सोडलेला बांगडा

कणकवलीच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. संयम, निग्रह, त्याग या शब्दांतला फरक सांगायला लागलो की माझी जीभ आवरत नाही. आईच्या तोंडी यातला एकही शब्द नसे. ती नुसतं म्हणायची, सोडलंय. तिनं बांगडा सोडला होता.

मी लहान असताना ताप डोक्यात गेला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईनं तोंडवलीच्या आमच्या देवळात गाऱ्हाणं घातलं: पोर वाचू दे, जन्मात बांगडा खाणार नाही. सोडायचं ते आवडीचंच. नावडती भाजी सोडून देवाला कोण फसवणार? मी वाचलो. पुढे ती आमच्यासाठी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची आणि मीठ मला चाखायला लावायची. मी मिटक्या मारायचो आणि तिची नजर माझ्या तोंडावर खिळलेली असायची. ती नजर मला आजही धड जेवू देत नाही.

शेवटच्या आजारात तिचं भान गेलं आणि ती बांगडाच मागायला लागली. बायको म्हणाली, द्या, आता कसलं बंधन? मीही फारसा देवभोळा नव्हे. तिखलं झालं. घास तिच्या ओठांपाशी नेला, तसा वासानंच तिचा चेहरा खुलला. मग तिनं मला निरखून पाहिलं.

"तू आसस मा रे अजून?"

"आसंय, आये."

तिनं तोंड मिटून घेतलं. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरावं झाल्यावर आमच्यात मेलेल्याच्या आवडीचं पान परसात ठेवतात, अगदी मासळीसुद्धा. बायकोनं भात, वडे आणि तळलेला बांगडा वाढला. कावळ्यांनी वडे पळवले, भात विस्कटला. बांगड्याला चोचही लावली नाही. शेजारची काकू म्हणाली, समुद्राकाठच्या कावळ्यांना मासळीचं काय अप्रूप? मला ते पटायला हवं होतं. पण मी पानाशेजारी उकिडवा बसलो. नवस फेडता येतो, व्रताचं उद्यापन करता येतं. हे सोडणं माझ्या जिवाच्या बदल्यात होतं, आणि मी तर जिवंत होतो.

"आये, मी बरो आसंय," मी हळूच म्हणालो. "खा गो आता."

संध्याकाळी बायकोनं पान उचललं. बांगडा तसाच होता.