नात्याचा रकाना

मंडळी, आज सकाळी देऊळघाटला आरोग्य शिबिराची नोंदणी करत होतो. वेबवरचा फॉर्म मीच बनवलेला. वर कुटुंबप्रमुख, खाली घरातल्या माणसांच्या ओळी, आणि एकदाच ‘जतन करा’ दाबलं की सगळं घर नोंदलं जातं. भारी वाटत होतं मला.

कमलमावशींनी घरातली पाच नावं सांगितली. सहावं सांगितलं सुखदेवबाबांचं, म्हणजे शेजारच्या एकट्या म्हाताऱ्यांचं.

“नातं काय लिहू?”

“कायचं नातं? लय वर्सं झाली, दोन्ही टाइम आमच्यातच जेवतात.”

रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं. त्या एका ओळीपायी अख्खं घरच जतन होईना.

म्हटलं, “मावशी, बाबांची ओळ काढतो. तुमच्या पाच जणांचं लगेच होईल.”

“मंग आमचंबी राहू दे बाप्पा. लिहायचं त सगळ्याईचं लिही.”

फॉर्मचंही तेच म्हणणं होतं, सगळे नाहीतर कोणीच नाही. ओळ काढायला निघालो होतो तो मीच.

तिथंच बसून नात्यांच्या यादीत एक नातं वाढवलं, ‘घरचेच’. सहाही नावं एका दमात जतन झाली.

दुपारपर्यंत आणखी तीन घरांनी ते नातं निवडलं. तुमच्या घरी ते कोणाच्या नावापुढे लिहाल?