तृप्तीचं मशीन आणि माझे ओले हात

माझ्या सुनेच्या कंपनीत सगळ्यात आधी पैसे घालणारी बाई मी, आणि ती कंपनी सुरू होण्याआधीच बंद पाडायला निघालेली बाईही मीच.

सून तृप्ती. माहेर चाळीसगावचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं. पुण्याची नोकरी सोडून तिने धुळ्यात, आमच्या देवपुरातल्या घरी, बिबडे थापायचं मशीन बनवलं. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मिरची-लसूण-तीळ घालून शिजवायची. तो झाला घाटा. मग गच्चीवर बसून ओल्या हाताने एकेक बिबडा थापायचा आणि संध्याकाळी एकमेकींच्या पाठीला बाम चोळायचा. तृप्तीच्या मशीनमध्ये वरून घाटा घातला की खालून पातळ, गोल बिबडा बाहेर. बाम नाही!

मी माझी मुदत ठेव मोडून तिला पैसे दिले. आमचे हे म्हणाले, "त्यात चार बांगड्या आल्या असत्या."

"बांगड्या काही कमवून आणत नाहीत," मी म्हटलं. (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते गल्लीत सहा घरी जाऊन सांगितलं.)

आता पुण्याच्या आरती मॅडम मशीन बघायला येणार होत्या. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी बायकांच्या नव्या धंद्यात अगदी सुरुवातीला पैसे घालतात. म्हणजे माझ्यासारख्याच, फक्त विचार करून! त्यांना पटलं तर आणखी दहा मशीन बनणार होती. नाही पटलं, तर तृप्ती परत पुण्याला नोकरीवर. मॅडमना संध्याकाळची परतीची गाडी होती, म्हणजे जे दाखवायचं ते एकाच दिवसात.

सकाळी मॅडमना आणायला चाळीसगाव स्टेशनला निघताना तृप्ती म्हणाली, "आई, घाटा शिजवून झाकलाय. कशालाही हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती चपला घालून निघाली. हुशार मुलगी!

एक बारीकशी गोष्ट तिला सांगायची राहिली होती. आदल्या दिवशी मी गल्लीभर सांगून आले होते, "उद्या आमच्याकडे बिबडे. मशीन बघायला या." आमच्याकडे बिबडे थापताना नुसतं बघायला कोणी येत नाही. एका घरी बिबडे असले की अख्खी गल्ली आपापला पाट आणि पाण्याची वाटी घेऊन हजर. नुसत्या हाताने जाणं म्हणजे त्या घराशी भांडण आहे असं जाहीर करणं.

तर सातला जिन्यावर भांड्यांचा खणखणाट! सगळ्यांत पुढे अहिराणीशिवाय न बोलणाऱ्या शांताअक्का, मागे शिवणकाम करणाऱ्या शमीमभाभी, आणि त्यांच्यामागे बायकाच बायका.

"अहो अक्का, आज मशीन थापणारे," मी म्हटलं.

"ते थापील तव्हा थापील. घाटा थंड व्हई राहिना ना माय!" अक्कांनी झाकण उघडलंसुद्धा.

मी अडवायला हवं होतं. मी अडवणारच होते. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "तू बाजूले बठ वं सुमन. तुन्हा बिबडा जाड व्हतस."

जाड? माझे? मी पाट ओढला, हात ओला केला आणि बसले.

पुढचा तास कसा गेला, मला सांगता येणार नाही. चार घरची लग्नं ठरली, दोन मोडली, आणि मशीन गच्चीच्या कोपऱ्यात नव्या जावयासारखं अवघडून उभं राहिलं. भानावर आले ती फोनच्या आवाजाने.

"आई, पंधरा मिनिटांत पोचतोय. घाटा नीट आहे ना?"

मी पातेल्यात बघितलं. तळाशी एक गोळा होता. तोही आमचे हे वाटीत तेल घेऊन खात होते.

"आहे ना! म्हणजे... होता," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मॅडम गच्चीवर आल्या. पांढऱ्या धोतरांवर पसरलेले शेकडो बिबडे बघून थक्कच झाल्या. "हे सगळं मशीनने?"

तृप्तीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला पुण्याचं तिकीट दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो! तासाभरात!"

मॅडम खाली वाकल्या. एका बिबड्यावर पाच बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

"मशीनला बोटंही आहेत?"

शांताअक्कांना एवढं श्रेय मशीनला जाणं सोसवेना. "कसानं मशीन! बठ्ठा बिबडा, एकूण एक, आम्हीच थापात माय!"

मला वाटलं, गच्चीवरून खाली उडी मारावी. (पण खाली कुंड्या होत्या, त्याही माझ्याच.)

मॅडम शांतपणे पाटावर टेकल्या. "तुम्ही इतकं छान थापता. मग मशीन हवंय कोणाला?"

तृप्तीने मान खाली घातली. मग शमीमभाभी म्हणाल्या, "मला हवंय. इथे बसले तर माझी शिलाई बुडते. दोन ब्लाउज आज द्यायचेत. मंगळवारी मशीन माझ्याकडे पाठवाल का? भाडं देईन."

"मंगळवारी मन्हाकडे!" अक्का उसळल्या. "मन्हा खांदा गया शे."

"आत्ताच तर हाताने थापत होतात!" शमीमभाभी म्हणाल्या.

"ते सुमननी बलावलं म्हनीसन!"

आता वारांवरून भांडण पेटलं. मॅडम वहीत नावं लिहू लागल्या. पण डोळ्यांनी चालताना बघितल्याशिवाय मशीनवर पैसे कोण घालणार? तृप्ती तोवर उन्हात वाकून एकेक बिबडा चाचपत होती. एका धोतरापाशी ती थांबली.

"हे अजून ओले आहेत. फारच जाड आहेत. कोणाचे?"

सगळ्या गल्लीने माझ्याकडे बघितलं.

तृप्तीने माझी सगळी कामगिरी खरवडून परातीत गोळा केली, पाण्याचा हात लावून मळली आणि मशीनमध्ये घातली. खट्, खट्, खट्! कागदासारखे बिबडे धडाधड पडायला लागले. अक्कांनी एक उन्हाकडे धरून बघितला आणि आपल्या वाटीतलं पाणी ओतून टाकलं.

मॅडमनी त्याच गच्चीवर होकार दिला. पुढे करार आला. त्यात सगळं नेहमीचं होतं, फक्त शेवटी तृप्तीने एक ओळ वाढवली होती: मशीन दाखवायच्या दिवशी पहिल्या गुंतवणूकदार बाईंनी तळमजल्यावरच थांबावं.

मी सही केली. त्यामुळे आता कंपनीत मी मालकीण आहे, फक्त माझ्याच गच्चीवर जायला मला सुनेची परवानगी लागते.